शेताची ऊब

वैशाखात माझ्या दोरीवर स्वेटर वाळत असतो.
गल्लीतल्या बाया हसतात. हसू देत.

गिरणाऱ्याच्या अलीकडे, पत्र्याच्या शेडमध्ये
माझी रात्रपाळी.
वीतभर जाडीचं दार. आत चार अंश,
बाहेर रात्रीसुद्धा एकोणतीस.
प्लॅस्टिकच्या पट्ट्या बाजूला सारत
एका पाळीत पन्नासदा मी ऋतू बदलते
आणि दर वेळी नाक गळतं.

लागले तेव्हा इरफान मेकॅनिक म्हणाला,
'ताई, आपण गारवा भरत नाही.
आपण ऊब काढून घेतो.
गारवा नावाचं काही नसतंच.'
वाटलं, याची झोप झालेली नाही.
मग कोथिंबिरीच्या क्रेटमध्ये
कोपरापर्यंत हात घातला.
वरून दवासारखी,
पण पोटात
नुकत्या झाकलेल्या भाकरीच्या टोपल्यासारखी.

कापली तरी भाजीला ते कळत नाही.
ती श्वास घेत राहते,
धावत आल्यासारखा, भरभर,
आणि त्या धापेतच सुकते.
तिला फक्त सांगायचं असतं, हळू.
हळू गं. वाशी लांब आहे.

भिंतीवर कागद चिकटवलाय:
मेथीजवळ पिकला टोमॅटो ठेवू नये,
त्याच्या श्वासानं ती पिवळी पडते.
काकडीला चार अंश सोसत नाहीत, अंगावर खड्डे पडतात.
जावेला वाचून दाखवलं तर म्हणाली,
'आपल्या घरात कुणी लावला नाही तो असा कागद?'

परवा पावणेदोनला वीज गेली.
जनरेटर दोनदा खोकला आणि बसला.
नेमके तेव्हाच दगू थेटे आले,
पिकअपमध्ये चारशे जुड्या, टायर पंक्चर होऊन उशीर झालेला.
'उघड ना बाई, चार मिनिटांचं काम.'
'चार मिनिटांत आतल्या अडीच हजार जाग्या होतील, नाना.'
ते काही बोलले नाहीत.
तंबाखू काढली, परत खिशात ठेवली.

मग आम्ही बारदानं भिजवली.
पिंपातलं पाणी, माझी बादली, त्यांचा टमरेल.
जुड्या ओट्यावर उभ्या मांडल्या, देठ खाली,
मध्ये वाऱ्याला वाट ठेवून,
वरून ओलं बारदान, त्याला टेकू तुरीच्या काड्यांचा.
त्र्यंबकच्या अंगानं वारा सुटला होता,
गरमच होता, तरी
ओल्या तागातून जाताना
तोही जरा शहाणा होत होता.
दर वीस मिनिटांनी मी शिंपडायचे,
नाना हात घालून बघायचे,
तापातल्या पोराची काख बघावी तसे.
'उतरतोय,' म्हणायचे. मग, 'थांबलाय.'
मग बराच वेळ नुसतं बारदानाचं ठिबकणं.
एवढी शांतता मी त्या शेडमध्ये ऐकलीच नव्हती.
दाराला कान लावला.
आत अडीच हजार जुड्या
अंधारात एकमेकींना धरून.

चारला पंखे फिरले.
काट्यानं सहा दाखवले. सहाच.
नानांच्या जुड्या मी शेवटी आत घेतल्या.
कडेच्या तीसेक गेल्याच होत्या, माना टाकून.
त्या त्यांनी मोजल्या नाहीत.
मला म्हणाले, 'तुझ्या डब्याला ने.'

आणि ती काढून घेतलेली ऊब?
ती जाते शेडच्या मागं,
जाळीतून, फुर्रर्र,
जिथं गवत कधी धरत नाही.
आत्ता तिकडं कुणी फिरकत नाही.
पण मार्गशीर्षात, पारा सातावर उतरला की
पेठकडून क्रेट उचलायला आलेली पोरं
तिथंच पाठ टेकून बसतात,
मध्ये एक लंगडी कुत्री.
चहा होईस्तोवर मीही जाते, स्वेटर काढून.

कुणाच्या तरी वावराची ऊब असते ती,
आडगावची, मखमलाबादची, दगूनानांच्याही.
पाठीला लागते.
कुणाची ते ओळखू येत नाही.